सतरावं मिनिट, एकशे सतरावं मिनिट

१७ मार्च २०१९. अंधेरीच्या मुंबई फुटबॉल अरिनावर इंडियन सुपर लीगची अंतिम लढत रंगली होती, बंगळुरू एफसी विरुद्ध एफसी गोवा. नव्वद मिनिटं गोलाविना गेली. जादा वेळही सरत आला आणि प्रेक्षक मनातल्या मनात पेनल्टी शूटआउटच्या तयारीला लागले. ११७व्या मिनिटाला दिमास देल्गादोने कॉर्नर मारला, गर्दीतून एक डोकं सगळ्यांच्या वर उठलं आणि चेंडू जाळ्यात गेला. बंगळुरूला पहिल्यांदा ही स्पर्धा जिंकून देणारा तो खेळाडू बचाव फळीतला होता. नाव राहुल शंकर भेके, जन्म मुंबईचा. आपल्याच शहरात, पण दुसऱ्या शहराची जर्सी घालून.

दुसऱ्या शहराची का, हे समजायला कूपरेजला जावं लागेल. ओव्हल मैदानाजवळच्या या मैदानाने १८९१ साली सुरू झालेल्या रोव्हर्स कपचे अनेक सामने पाहिले. गिरगाव-परळच्या पोरांचं फुटबॉल मात्र बरंचसं ऑफिसच्या संघांवर जगलं: बँका, कस्टम्स, आरसीएफ, एअर इंडिया. लीगमध्ये चमकायचं आणि नोकरीला चिकटायचं. चाळीतल्या आईबापांना समजणारी फुटबॉलची हीच एक बाजू होती. त्यात सगळ्यांत झळाळता संघ महिंद्रा युनायटेडचा. २००५-०६ची नॅशनल फुटबॉल लीग त्याने जिंकली आणि २०१० मध्ये मालकांनी संघच बंद केला. भेके तेव्हा एकोणीस वर्षांचा होता.

पुढे तो एअर इंडियाकडून खेळला, तर तो संघ २०१३ मध्ये आय-लीगबाहेर पडला. नंतर ईस्ट बंगाल, केरळा ब्लास्टर्स, पुणे सिटी. त्यातल्या पुणे सिटीने २०१९ मध्ये गाशा गुंडाळला. त्याआधी २०१७ मध्ये मुंबई एफसीही संपला होता. खेळाडू क्लब बदलतात हे आपण ऐकतो. इथे तर मुंबई-पुण्यातले क्लबच एकेक करून दिसेनासे होत होते. आघाडीवर खेळणाऱ्या मुलाला दोन गोलांच्या जोरावर नवा संघ मिळतो. बचावपटूने काय दाखवायचं? न झालेले गोल?

लालबाग-परळला खरं तर हे समजायला हवं. कबड्डी तिथे रक्तात आहे आणि कबड्डीत चढाई करणाऱ्याइतकाच कोपरारक्षकही लोकांना नावानिशी ठाऊक असतो. घोट्याची पकड पडली की टाळ्या त्याच्याच. फुटबॉलमधला राइट बॅक थोडाफार तसाच. प्रतिस्पर्ध्याचा विंगर अंगावर आला की त्याला बाजूरेषेकडे ढकलायचं, आत वळू द्यायचं नाही, घाईने पाय घालायचा नाही आणि तेवढ्यात आपला स्टॉपर किती मागे आहे यावर एक डोळा ठेवायचा, नाहीतर ऑफसाइडचा सापळा फसतो. ऐंशी मिनिटं हे नीट केलं तरी वर्तमानपत्रात ओळ येत नाही. एक चूक झाली, की मथळा.

भेकेला हे दोहाने शिकवलं. भारताकडून पहिला सामना त्याला २०१९च्या जूनमध्ये, अठ्ठावीस पूर्ण झाल्यावर मिळाला. त्याच सप्टेंबरात विश्वचषक पात्रता फेरीत भारताने आशियाई विजेत्या कतारला त्यांच्याच घरी ०-० असं रोखलं. उजवीकडे भेके, डावीकडे गोव्याचा मंदार राव देसाई. सुनील छेत्री आजारपणामुळे बाहेर होता, त्यामुळे सगळा भार मागच्या फळीवर. ३ जून २०२१ला पुन्हा दोहा, पुन्हा कतार. या वेळी सतराव्या मिनिटाला चेंडू हाताला लागला, दुसरं पिवळं कार्ड निघालं आणि भेके मैदानाबाहेर. दहा जणांच्या भारताने उरलेला सामना कसाबसा रेटला आणि ०-१ असा गमावला.

त्यानंतर तो मुंबई सिटीत आला, घरच्या क्लबमध्ये. ११ एप्रिल २०२२ला रियाधमध्ये इराकच्या अल-कुवा अल-जवियाविरुद्ध मुंबई आधी पिछाडीवर गेली, पेनल्टीवर बरोबरी झाली आणि मग अहमद जाहूच्या कॉर्नरवर भेकेचं हेडर. २-१. एएफसी चॅम्पियन्स लीगमध्ये भारतीय क्लबने जिंकलेला हा पहिला सामना. गंमत अशी की २०१९च्या त्या अंतिम सामन्यात लाल कार्ड मिळून बाहेर गेलेला गोव्याचा खेळाडू हाच जाहू होता.

मुंबई सिटीने २०२२-२३ची लीग शिल्ड जिंकली. मे २०२४ मध्ये कोलकात्याच्या सॉल्ट लेकवर मोहन बागानला ३-१ हरवून तिने चषकही नेला, तेव्हा कर्णधार भेके होता. मग तो पुन्हा बंगळुरूला गेला.

देशासाठी पहिला गोल करायला त्याला नोव्हेंबर २०२४ उजाडावा लागला. हैदराबादला मलेशियाविरुद्ध, अर्थातच कॉर्नरवर, डोक्याने. चौतिसावा वाढदिवस तीन आठवड्यांवर होता. मार्चमध्ये शिलाँगला मालदीवविरुद्ध त्याने तेच पुन्हा केलं आणि सामन्यातला पहिला गोल नोंदवला. भारताने ३-० असा सामना जिंकला, नोव्हेंबर २०२३नंतरचा पहिला विजय. पण त्याच सामन्यात निवृत्तीतून परतलेल्या छेत्रीनेही गोल केला, त्यामुळे दुसऱ्या दिवशी फोटो कुणाचा छापून आला असेल हे वाचकांना सांगायला नको.