मोगली एरंड आणि पाटाचें पाणी

नवी मुंबईच्या सीमेवरून पनवेल-उरणच्या खेड्यांकडे गेलें असतां परसांच्या कुंपणांत रुंद पानांचें एक झुडूप आढळतें. तोच मोगली एरंड होय. गुरें त्यास तोंड लावीत नाहींत, म्हणून कुंपणास तो सोयीचा. त्याच्या चिकाचे फुगे उडविणें हा मुलांचा जुना खेळ आहे. हें झुडूप मूळचें अमेरिका खंडाच्या उष्ण प्रदेशांतलें. त्याच्या बियांत सुमारें एकतृतीयांश तेल असून त्यापासून डीझेलऐवजी चालणारें इंधन करितां येतें. तेव्हां कुंपणावरचें हें रानटी झाड शेतांत लावून त्यास पाणी दिलें, तर बियांचें उत्पन्न किती वाढेल, असा प्रश्न सहजच उद्भवतो.

हा प्रश्न नुसत्या जिज्ञासेचा नाहीं. १९८६ पासून नाशिककडील शेतकऱ्यांनीं मोठ्या आशेनें याची लागवड केली; परंतु अपेक्षेइतक्या बिया न मिळाल्यामुळें ती पुढें सोडून द्यावी लागली. तरीहि २००३ सालीं नियोजन मंडळाच्या समितीनें याच झाडाची मोठी योजना मांडली. तिचा हिशेब असा: एका हेक्टरांत, म्हणजे सुमारें अडीच एकरांत, २,५०० झाडें, दर झाडास दीड किलो बिया, एकूण ३,७५० किलो.

आतां शेतांतील अनुभव पाहूं. तामिळनाडूंतील लागवडीचा एक अभ्यास २०१० सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत कोरडवाहू शेतांतलें उत्पन्न हेक्टरीं सुमारें ४५० किलो, तर पाणी दिलेल्या शेतांतलें सुमारें ७५० किलो आढळलें. पाण्यानें उत्पन्न दीडपटीहून अधिक झालें, हें खरें. पण तें अपेक्षेच्या एकपंचमांशच भरलें. पाण्यानें मिळालेल्या जास्तीच्या ३०० किलो बियांतून तेल निघणार फार तर १०० किलो. झाडें अद्याप लहान होतीं हें लक्षांत घेतलें, तरी विहिरीचें पाणी आणि मजुरी यांचा खर्च त्यांतून भागणें कठीण.

असें कां व्हावें? पहिलें कारण असें कीं, या झाडावर नरफुलें पुष्कळ आणि मादीफुलें थोडीं; फळ धरतें तें मादीफुलासच. पाण्यानें पालवी फोफावते, पण तितक्याच प्रमाणांत बिया वाढत नाहींत. दुसरें, फळें एकदम पिकत नाहींत. तीं पुनःपुन्हा वेंचावीं लागतात. तिसरें, साध्या एरंडाचें बियाणें शेतकऱ्यांनीं पिढ्यान् पिढ्या निवडून सुधारिलें. मोगली एरंडाची तशी निवड झालेली नाहीं. शिवाय कुंपणावरच्या एकट्या झाडास ऊन आणि मोकळी जागा भरपूर मिळते. त्याच्या बिया मोजून त्यांस २,५०० नीं गुणिलें, तर आंकडा फुगणारच.

म्हणून अशा तुलनेचे कांहीं नियम विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवावे. दोन्ही वाफ्यांची जमीन सारखी असावी आणि झाडें एकाच वयाचीं असावीं. एकास पाणी द्यावें, दुसऱ्यास देऊं नये. बिया वाळवून मगच तोलाव्या. एका वर्षावर भिस्त न ठेवतां अनेक वर्षांची सरासरी काढावी. आणि ‘किती पट’ एवढेंच न विचारतां ‘किती किलो, आणि किती पाण्यावर’ हेंहि विचारावें. आपल्याकडे पाऊस चारच महिने पडतो. उरलेल्या आठ महिन्यांत विहिरीच्या प्रत्येक घागरीचा हिशेब शेतकऱ्यास द्यावा लागतो.

पालकांस एक विनंती. या बिया चवीस शेंगदाण्यासारख्या लागतात, पण त्या विषारी आहेत. खाल्ल्यास ओकाऱ्या व जुलाब होतात. हा प्रयोग करणाऱ्या मुलांनीं बिया केवळ तराजूंत घालाव्या, तोंडांत नव्हे.