फलन-निर्देश
सी भाषेतील एखादे फलन संगणकाच्या स्मृतीशी कसा व्यवहार करते, हे कंपायलरला सांगणारी सूचना. फलनाचा अंतर्भाग समोर नसल्यास त्याने स्मृतीत बदल केला असेल असे कंपायलरला धरून चालावे लागते व मूल्ये पुन्हा वाचावी लागतात. जीसीसी या कंपायलरमध्ये (प्रथम प्रसृत १९८७) ‘प्युअर’ फलन स्मृती केवळ वाचते. ‘कॉन्स्ट’ फलन बदलती स्मृती वाचतही नाही. अक्षरमालेची लांबी मोजणारे ‘स्ट्रलेन’ पहिल्या प्रकारचे होय. मध्यंतरी स्मृतीत लेखन झाले नसल्यास त्याची दुसरी मोजणी वगळता येते. त्यालाच चुकून ‘कॉन्स्ट’ ठरविले, तर अक्षरमाला बदलल्यावरही जुनीच लांबी वापरली जाण्याचा संभव असतो. निर्देश खरा आहे की नाही हे कंपायलर सहसा तपासत नाही. इष्टतमीकरण बंद करताच हा दोष बहुधा दिसेनासा होतो, त्यामुळे तो शोधणे विशेष कष्टाचे ठरते.