मिहानवाल्यांनो, नागपुरी जेवायला मेट्रो पकडा!

टीसीएस, इन्फोसिस, एचसीएलमध्ये नव्यानं रुजू झालेल्यांनो, रोज कॅन्टीन नि पिझ्झाच कशाला? खापरीहून ऑरेंज लाइन मेट्रोनं थेट कस्तुरचंद पार्क गाठा आणि सकाळीच तर्री पोहा खा. पोह्यांवर काळ्या चण्यांची लालभडक तर्री, वर चिवडा, कांदा. अफलातून!

रात्री मात्र सावजीच. हे मूळचं नागपूरच्या हलबा कोष्टी विणकरांच्या घरचं जेवण. जवसाचं तेल, भाजून वाटलेला काळपट मसाला आणि कपाळाला घाम फोडणारं तिखट. मटण खात नसाल तर पाटोडी रस्सा मागवा. माझ्या मते तो मटणाच्या तोडीस तोड आहे. हिवाळ्यात सांबारवडीही (सांबार म्हणजे इथे कोथिंबीर) सोडू नका.

सावजीत पहिल्यांदा जाताय? तिखट कमी करायला बिनधास्त सांगा.