पर्ज अँड ट्रॅप पद्धत

पर्ज अँड ट्रॅप ही द्रवात विरघळलेली बाष्पनशील संयुगे निष्क्रिय वायूच्या बुडबुड्यांद्वारे बाहेर काढून मोजण्याची रासायनिक विश्लेषणाची पद्धत आहे. एक लिटर पाण्यातील मायक्रोग्रॅमइतकी, म्हणजे ग्रॅमच्या दहा लाखाव्या भागाइतकी अल्प मात्राही तिने मोजता येते. पिण्याच्या पाण्याची तपासणी व सागरी रसायनशास्त्र या क्षेत्रांत तिचा विशेष उपयोग होतो.

तत्त्व

विल्यम हेन्री यांनी १८०३ मध्ये मांडलेल्या नियमानुसार, द्रवात विरघळलेल्या वायूचे प्रमाण द्रवावरील त्याच वायूच्या आंशिक दाबाच्या समप्रमाणात असते. पाण्यात सोडलेल्या शुद्ध हेलियमच्या बुडबुड्यात मोजावयाच्या संयुगाचा दाब शून्य असतो. त्यामुळे ते संयुग पाण्यातून बुडबुड्यात शिरते. १० मिलिमीटर व्यासाच्या एका बुडबुड्याचे १ मिलिमीटर व्यासाचे हजार बुडबुडे केल्यास एकूण पृष्ठफळ दहापट होते. म्हणून वायू सच्छिद्र काचेतून बारीक बुडबुड्यांच्या रूपात सोडला जातो.

कार्यपद्धती

पाण्याच्या एका प्रचलित चाचणीत ५ किंवा २५ मिलिलिटर नमुन्यातून मिनिटाला सुमारे ४० मिलिलिटर या वेगाने ११ मिनिटे हेलियम सोडतात. बाहेर पडणारा वायू टेनॅक्स, सिलिका जेल, कोळसा यांसारख्या शोषकांनी भरलेल्या नळीतून जातो व संयुगे तेथे अडकतात. नंतर ही नळी सुमारे १८० अंश सेल्सियसपर्यंत तापवून वायूचा प्रवाह उलट दिशेने सोडला जातो. कित्येक मिनिटांत थोडीथोडी साठलेली संयुगे त्यामुळे एकदम सुटतात आणि गॅस क्रोमॅटोग्राफमध्ये वेगवेगळी होऊन मोजली जातात.

पिण्याचे पाणी

क्लोरीन पाण्यातील रोगजंतू मारतो. परंतु पालापाचोळा कुजून पाण्यात आलेल्या सेंद्रिय पदार्थांशी त्याची अभिक्रिया होऊन क्लोरोफॉर्मसारखे ट्रायहॅलोमिथेन तयार होतात. ही बाब १९७४ मध्ये नेदरलँड्स व अमेरिका येथील संशोधनांतून पुढे आली. अमेरिकेतील टी. ए. बेलर व जे. जे. लिश्टेनबर्ग यांनी त्याच वर्षी पर्ज अँड ट्रॅप पद्धतीचे वर्णन प्रसिद्ध केले. भारतीय मानक आयएस १०५०० (२०१२) नुसार पिण्याच्या पाण्यात क्लोरोफॉर्मची मर्यादा लिटरला ०.२ मिलिग्रॅम आहे. जंतूंचा धोका अधिक गंभीर असल्याने क्लोरीन बंद करणे हा उपाय ठरत नाही. मापनामुळे दोन्ही धोक्यांत तोल साधता येतो.

अरबी समुद्र

सागरी वनस्पतिप्लवकांपासून डायमिथाइल सल्फाइड (डीएमएस) हा गंधकयुक्त वायू निर्माण होतो. हवेत त्याचे रूपांतर होऊन बनणारे सूक्ष्म कण ढगांतील थेंबांना केंद्र पुरवतात. गोव्यातील दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने (स्थापना १९६६) पश्चिम किनाऱ्यालगत या वायूचा अभ्यास केला आहे. नैर्ऋत्य मोसमी पावसाच्या काळात खोल, कमी ऑक्सिजनचे पाणी किनाऱ्याकडे वर येते. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास गोव्याजवळील तळाच्या पाण्यात ऑक्सिजन जवळपास संपतो. अशा पाण्यात डीएमएसचे असामान्य प्रमाण आढळले आहे. डीएमएससाठी शोषकाऐवजी द्रव नायट्रोजनने (उणे १९६ अंश सेल्सियस) गार केलेली नळीही वापरतात.

मर्यादा

एथेनॉलसारखी पाण्यात सहज मिसळणारी संयुगे बुडबुड्यांनी पूर्णपणे निघत नाहीत. साबणयुक्त नमुना फेसाळतो, तर आधीच्या नमुन्याचा अंश नळीत उरल्यास पुढचे मापन चुकते. नमुन्याची बाटली काठोकाठ भरावी लागते. झाकणाखाली हवेचा एक बुडबुडा राहिला तरी संयुगे त्यात निसटतात. ज्या गुणधर्मावर ही पद्धत उभी आहे, तोच निष्काळजीपणे घेतलेला नमुना निरुपयोगी करतो.