डेलियाचा कंद नेमका कशानं कुजतो?

मार्च उलटला की अमरावती-अकोल्याच्या परसबागांतला डेलिया पिवळा पडतो. कंद उपसून पोत्यात भरले जातात, पोतं जिन्याखाली जातं. पोळ्याच्या सुमारास ते उघडावं तर आतून आंबूस वास येतो. मग कृषी सेवा केंद्रातून बुरशीनाशकाची पुडी आणली जाते, पण कंद तोवर हातचे गेलेले असतात. माझ्या मते या नुकसानीत रोगाचा वाटा कमी आणि उसन्या सल्ल्यांचा जास्त. डेलियाबद्दल जे ऐकायला मिळतं ते बहुतेक थंड देशांतलं असतं, आणि वऱ्हाडच्या काळ्या मातीत ते लागू पडत नाही.

डेलिया मूळचा मेक्सिकोच्या डोंगराळ भागातला. १९६३ पासून त्या देशाचं राष्ट्रीय फूल. त्याला दिवसा ऊन, रात्री गारवा आणि पाणी धरून न ठेवणारी जमीन लागते. युरोप-अमेरिकेत कंद वसंतात लावतात, थंडी कडक झाली की काढतात आणि गोठू नयेत म्हणून जपतात. आपल्याकडे लागवड ऑक्टोबरात, फुलं डिसेंबर ते फेब्रुवारी. म्हणजे कंद सांभाळायचे ते ४५ अंशांच्या मे महिन्यातून आणि त्यानंतरच्या दमट जुलै-ऑगस्टमधून. ते गोठतील ही भीती अकोल्यात कुणाला असणार?

‘काळ्या मातीत काहीही येतं’ हे कपाशी-तुरीपुरतं ठीक आहे. पूर्णा खोऱ्यातल्या या मातीत चिकणमातीचं प्रमाण निम्म्याहून अधिक असतं. पाऊस पडला की ती फुगते, तिच्यातल्या पोकळ्या मिटतात आणि हवा संपते. हवेवाचून कंद आधी गुदमरतो आणि मगच बुरशी आत शिरते. म्हणून पावसाळ्यात कंद जमिनीतच राहू देणं इथे जवळजवळ हमखास अंगाशी येतं. बरेच जण अशा मातीत दोन घमेली वाळू मिसळतात. इतक्याशा वाळूनं काही होत नाही, उलट माती वाळल्यावर आणखी कडक होते. त्यापेक्षा भरपूर कुजलेलं शेणखत घालून वीतभर उंच गादीवाफा करावा. सोयाबीनसाठी अकोल्याचं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ रुंद वरंबा-सरी सुचवतं, त्यामागचं तत्त्व हेच: पीक उंचावर, पाणी सरीत. शेणखत मात्र कच्चं नको. ते जमिनीत तापतं आणि हुमणीलाही आमंत्रण देतं.

दर्यापूर, भातकुली, मूर्तिजापूरकडच्या मंडळींची अडचण वेगळी आहे. अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांत पसरलेल्या खारपाणपट्ट्यात जमिनीखालचं पाणीच खारट. अशा पाण्यातल्या सोडियममुळे मातीचे कण सुटे होतात, वर पापुद्रा धरतो आणि पाणी खाली उतरत नाही. तिथे कुणी काटकसर म्हणून आरओ मशीनचं वाया जाणारं पाणी कुंड्यांना घालतं. हेतू चांगला, पण गाळून काढलेले सगळे क्षार त्याच पाण्यात असतात. ते फरशी पुसायला वापरा. डेलियाला साठवलेलं पावसाचं पाणी मिळालं तर उत्तम, नाहीतर नळाचं.

कुंडीच्या तळाशी ठिकऱ्यांचा जाड थर दिला की पाणी निघून जातं, ही समजूत तर घरोघरी. बारीक माती खालच्या मोकळ्या थरात पाणी सहजासहजी सोडत नाही; ते मातीच्या तळाशीच अडून राहतं. थर दिल्यानं ही ओल कंदाच्या आणखी जवळ येते. भोकावर एक ठिकरी ठेवा, माती वाहून जाऊ नये इतकीच. कुंडी भुसभुशीत राहण्यासाठी जे काही घालायचं ते सगळ्या मातीत मिसळा.

‘पानी टाक ना वं, झाड कोमजून रायलं!’ दुपारी माना टाकलेला डेलिया पाहिला की घरातून हा आवाज येतोच. पण मुळं कुजली तरीही झाड असंच कोमेजतं, कारण पाणी वर ओढायला काही उरलेलंच नसतं. आधी दोन पेरं बोट मातीत खुपसा. खाली ओल लागत असेल तर पाणी बंद. संध्याकाळी झाड आपोआप सावरलं तर तो नुसता उन्हाचा ताण होता. सकाळीही पडलेलंच असेल तर उकरून कंद बघा. पाणी द्यायची पद्धत वरुड-मोर्शीच्या संत्रा बागायतदारांकडून घ्यावी. डिंक्या रोग होऊ नये म्हणून ते झाडाला दुहेरी आळं करतात, त्यामुळे खोडाला पाणी टेकत नाही. डिंक्याची फायटोफ्थोरा डेलियालाही कुजवू शकते, तेव्हा इथेही बुंध्याशी मातीची भर आणि पाणी बाहेरच्या कडेनं.

आता औषधाचं. कंदकूज म्हणजे एकच रोग नव्हे. कंद दाबल्यावर पाणी सुटून नाकाला झोंबणारी दुर्गंधी आली तर बहुधा जिवाणूंची कूज. तिथे कोणतंही बुरशीनाशक वाया. बुंध्याशी पांढरे धागे आणि मोहरीएवढे तपकिरी दाणे दिसले तर स्क्लेरोशियम. मूळ पिचपिचीत होऊन त्याची साल बोटांत निसटून आली तर पिथियमचा संशय घ्यावा. सर्रास दिलं जाणारं कार्बेन्डाझिम पिथियम-फायटोफ्थोरावर चालतच नाही. तिथे मेटॅलॅक्झिल लागतं, तेही वेळेवर आणि लेबलवरच्या प्रमाणात. ट्रायकोडर्मा लागवडीआधी शेणखतात मुरवला तर चांगला. रासायनिक बुरशीनाशकासोबत घालू नये, आणि कुजलेला कंद तो जिवंत करत नाही. हळद आणि राख यांनी कापलेला भाग कोरडा राहायला थोडी मदत होते, बाकी काही नाही.

कंद मऊ लागला की अख्खा गड्डा उकिरड्यावर, हीदेखील घाईच. गेल्या वर्षी लावलेला मूळ कंद हंगामानंतर काळा पडून सडणं बऱ्याचदा स्वाभाविक असतं. तो कापून टाका. बाकीच्यांवर धारदार पात्यानं थोडं थोडं कापत जा, आतलं मांस स्वच्छ आणि टणक दिसेपर्यंत. पातं दर वेळी स्पिरिटनं पुसा. कापलेले कंद सावलीत दोन-तीन दिवस सुकू द्या. सुरकुतलेला कंद मेलेला नसतो. आणि गुबगुबीत कंद जिवंतच असेल असंही नाही. बटाट्याला अंगभर डोळे असतात. डेलियाचा कंद हे फुगलेलं मूळ, त्याचे डोळे फक्त मानेशी, जुन्या खोडाच्या बुडाला. मान तुटली की कितीही मोठा कंद असो, फुटवा येत नाही.

खोड पोकळ असतं हेही विसरलं जातं. फेब्रुवारी-मार्चमध्ये फांद्या छाटल्या आणि अवकाळी पाऊस आला की त्या नळीतून पाणी थेट मानेत उतरतं. छाटलेल्या टोकावर उलटी वाटी किंवा प्लॅस्टिकचा तुकडा बांधावा.

साठवणुकीत प्लॅस्टिकची पिशवी सगळ्यात वाईट, आत घाम धरतो. कूलरची खोली गार म्हणून चांगली वाटते, पण तो गारवा पाण्याच्या वाफेचा; कूलरच्या झोतासमोर ठेवलेल्या कंदांवर बुरशी चढते. उघड्यावर ठेवावेत तर मे महिन्यात काटक्या होतात. घरातल्या सर्वात गार, अंधाऱ्या कोपऱ्यात, खोक्यात कोरड्या वाळूत, एकमेकांना न टेकवता ठेवावेत. जून लागला की दर पंधरवड्याला खोकं उघडून सडका कंद लगेच बाहेर काढावा.

एवढं करूनही काही कंद जातातच. म्हणून ऑगस्टअखेर उरलेल्यांना ओलसर वाळूत कोंब फुटू द्या, बोटभर कोंब पेराखाली कापून वाळूतच मुळावायला लावा. दोन-तीन आठवड्यांत रोप तयार होतं आणि एका कंदाची तीन-चार झाडं होतात. नवे कंद विकत घेणारच असाल तर विक्रेत्याला मान आणि तिच्यावरचा डोळा दाखवायला सांगा. नुसतं फुगलेलं मूळ हातात दिलं, तर पैसे देऊ नका.