समाधानाचे माप

पाहुणा पानावरून उठला की यजमान विचारतो, "पोट भरलं ना?" आणि उत्तरादाखल कधी कधी ऐकू येते, "पोट भरलं, पण मन नाही भरलं." मी कॉलेजात मराठी शिकवते. हा वाक्प्रचार मी वर्गात पुष्कळदा समजावून दिला आहे. गंमत अशी, की भिंतीपलीकडच्या वर्गात अर्थशास्त्राचे प्राध्यापक जे कोडे शिकवत असतात तेही हेच. मन किती भरले, हे मोजायचे कसे?

अर्थशास्त्राने ह्या मन भरण्याला 'उपयोगिता' असे नाव दिले आहे. शब्द जरा फसवा आहे. आपल्या लेखी विळी उपयोगी, भुईचक्र निरुपयोगी. अर्थशास्त्र असा भेद करीत नाही. माणसाची गरज किंवा हौस भागवण्याचा गुण ज्या वस्तूत आहे, तिला उपयोगिता आहे. मग ते औषध असो, नाही तर विडीचे बंडल. म्हणून काही मराठी पाठ्यपुस्तकांतला 'तुष्टिगुण' हा शब्द मला अधिक नेमका वाटतो.

ह्या विचाराची सुरुवात जुनी आहे. १७३८ मध्ये डॅनियल बर्नुली ह्या स्विस गणितज्ञाने असे मांडले, की तेवढेच पैसे गरिबाला मिळाले तर त्याला जितके मोलाचे वाटतात, तितके ते श्रीमंताला वाटत नाहीत. पुढे १७८९ मध्ये जेरेमी बेंथॅम ह्या इंग्रज विचारवंताने सुख आणि दुःख ह्यांचा जमाखर्च मांडावा आणि त्यावरून कायदा बरा की वाईट ते ठरवावे, अशी कल्पना पुढे ठेवली.

फराळाच्या ताटावर लागू पडणारा नियम मात्र एका जर्मन माणसाचा. हेर्मान गॉसेन हा प्रशियातला सरकारी नोकर. १८५४ मध्ये त्याने पुस्तक छापले. त्यात म्हटले होते, की एकच वस्तू आपण घेत गेलो, की प्रत्येक पुढच्या नगाचे सुख कमी होत जाते. पहिली करंजी अमृत, तिसरी बरी आणि सहावी केवळ आग्रहापोटी! त्याचा दुसरा नियम तर प्रत्येक गृहिणीला पाठ आहे. पगाराचे पैसे किराणा, दूध, फी, कपडे ह्यांत असे वाटावेत, की प्रत्येक ठिकाणी खर्चलेल्या शेवटच्या रुपयाचे समाधान सारखेच पडावे. एक तारखेला पाकिटे करून बसणारी आई दुसरे काय करते? पण पुस्तक कोणी विकत घेईना. गॉसेनने खपल्यावाचून राहिलेल्या प्रती परत मागवल्या, आणि १८५८ मध्ये तो वारला. इंग्लंडात जेव्हन्सने १८७१ मध्ये हाच विचार स्वतंत्रपणे मांडला. गॉसेनचे पुस्तक त्याच्या कानी आले ते १८७८ मध्ये, आणि मोठ्या मनाने त्याने पहिला मान गॉसेनला दिला.

आता मापाची गोष्ट. १८८१ मध्ये एजवर्थ ह्या पंडिताने मनातले सुख क्षणोक्षणी नोंदणारे एक काल्पनिक यंत्रच कल्पिले होते. तापमापक तसा सुखमापक! यंत्र काही झाले नाही. आज मोबाइलवर जेवण मागवले की 'किती तारे देता?' असा प्रश्न येतो, तेवढीच काय ती त्याची धाकटी भावंडे. आल्फ्रेड मार्शलने १८९० मध्ये व्यवहारी तोड काढली: एखादी वस्तू हातची जाऊ नये म्हणून तुम्ही जास्तीत जास्त किती पैसे मोजाल, ते तुमच्या समाधानाचे माप. चहासाठी तुम्ही वीस रुपयेही दिले असते, आणि तो बारा रुपयांना मिळाला, तर आठ रुपयांचे समाधान वर पदरात पडले.

मार्शललाही ठाऊक होते, की श्रीमंताचे नाणे आणि गरिबाचे नाणे सारखे वजनदार नसते. मग एकाचे समाधान दुसऱ्याच्या शेजारी ठेवून मोजता येईल का? लंडनच्या लायोनेल रॉबिन्सने १९३८ मध्ये ह्याविषयी लिहिताना एक गोष्ट सांगितली, आणि ती आपल्याच देशातली आहे. एक अधिकारी एका उच्चवर्णीय ब्राह्मणाला बेंथॅमचे तत्त्व समजावीत होता. तो ब्राह्मण म्हणाला, की हे बरोबर असणे शक्य नाही. त्या समोरच्या अस्पृश्यापेक्षा आपली सुखाची पात्रता दहापट आहे! रॉबिन्सला त्या उत्तराची चीड होती. पण हे खोटे आहे असे शास्त्रीय मोजमापाने सिद्ध करता येत नाही, हेही त्याला कबूल करावे लागले. माणसे सारखी धरायची, हा न्यायाचा निर्णय आहे, मोजपट्टीचा नव्हे.

मग अर्थशास्त्राने माप आखडते घेतले. १९३४ मध्ये हिक्स आणि ॲलन ह्यांनी दाखवले, की 'किती' आवडते हे न विचारताही काम भागते. हे अधिक आवडते की ते, एवढे कळले तरी पुरे. १९३८ मध्ये सॅम्युएल्सन म्हणाला, विचारूही नका. माणूस बाजारात काय निवडतो ते पाहा.

पण निवडीला वावच नसेल तर? ह्या प्रश्नावर अमर्त्य सेन ह्यांनी बोट ठेवले. १९८५ च्या एका पुस्तकात त्यांनी कलकत्त्याजवळच्या सिंगूर येथील पाहणीचे आकडे दिले. पाहणी १९४४ ची, म्हणजे बंगालच्या भीषण दुष्काळानंतरच्या वर्षातली. विधुर आणि विधवा ह्यांना प्रकृती कशी आहे असे विचारले होते. आपण आजारी आहोत किंवा प्रकृती यथातथाच आहे, असे ४८.५ टक्के विधुरांनी सांगितले. आणि विधवांनी? अवघ्या २.५ टक्के! त्या काळी बंगालात विधवांच्या वाट्याला काय येत असे, हे ज्याला ठाऊक आहे, त्याला त्या धडधाकट होत्या असे वाटणार नाही. आपल्याला काही दुखते आहे असे म्हणण्याची सवयच त्यांना उरली नव्हती.

मला ह्या साऱ्या चर्चेत हा आकडा सर्वांत बोलका वाटतो. आपल्या घरांतही 'मला एवढंच पुरे' हे वाक्य बहुधा एकाच माणसाच्या तोंडी असते, आणि ते माणूस बहुधा शेवटी जेवते. त्याचे समाधान त्याच्याच शब्दांवर मोजले, तर ते घरात सर्वांत सुखी ठरेल! म्हणूनच सेन म्हणतात, की माणूस संतुष्ट आहे का एवढ्यावर थांबू नका. त्याला पोटभर अन्न, औषध, शिक्षण मिळते का आणि हवे तसे जगण्याची मुभा आहे का, हे पाहा.

वाचकहो, ह्या दिवाळीत फराळ झाल्यावर "मन भरलं ना?" असे घरात सगळ्यांना अवश्य विचारा. पण ज्याने पहिल्यांदा "हो" म्हटले, त्याच्या ताटात काय वाढले होते, तेही एकदा पाहून घ्या.