तंत्रस्नेहींची दहा वर्षं

22 जून 2025 हा रविवार होता. दुसऱ्या दिवशी विदर्भातल्या शाळा उघडायच्या होत्या आणि आम्हा शिक्षकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर सकाळपासून आधार न जुळलेल्या मुलांच्या याद्या येऊन पडत होत्या. 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' या कार्यक्रमाच्या शासन निर्णयाला त्या दिवशी दहा वर्षं झाली, हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. त्या वाऱ्यात आम्ही पदरचे पैसे घालून प्रोजेक्टर आणले, 'तंत्रस्नेही' हे बिरुद मिरवलं. त्याची आठवण कुणाला नाही. याद्या मात्र 'तात्काळ' आणि 'आजच'.

त्या शासन निर्णयाआधीची वर्षं सांगण्यासारखी नाहीत. 2001 नंतर एमएस-सीआयटी आली, नोकरदारांना सक्तीची झाली. बुलढाणा जिल्ह्यातल्या पिंपळगाव राजाहून खामगावला एसटीनं जाऊन आम्ही माऊस धरायला शिकलो आणि पर्यायांवर खुणा करून पास झालो. ज्यांची मुदत हुकली त्यांच्या वेतनवाढीवर गदा आली. शाळेत संगणक नव्हताच. कुठे आलाच तर तो मुख्याध्यापकांच्या खोलीत प्लॅस्टिक पांघरून बसायचा, दसऱ्याला हार घालण्यापुरता. वर लोडशेडिंग. एवढं पुरे.

खरी मजा 2015 नंतर. ठाणे जिल्ह्यात, शहापूर तालुक्यातल्या पष्टेपाड्याची जिल्हा परिषद शाळा संदीप गुंड यांनी डिजिटल केल्याच्या बातम्या आम्ही वाचत होतो. आदिवासी पाड्यावर होतं तर आमच्या घाटाखालच्या गावात का होऊ नये, असं एकेकाच्या मनानं घेतलं. आदेश कुणी दिला नव्हता, हे मुद्दाम लिहून ठेवतो. हल्ली प्रत्येक गोष्टीचं श्रेय वरूनच खाली येतं.

आम्हाला शिकवलं कुणी? सरकारी प्रशिक्षणात चहा, हजेरीपट आणि पाठ करून आलेला सुलभक. शिक्षण झालं ते शनिवारी, सकाळची शाळा सुटल्यावर. नुकताच लागलेला एखादा शिक्षणसेवक लॅपटॉप उघडायचा आणि त्याच्याभोवती पन्नाशीतले गुरुजी चष्मे सावरत बसायचे. श्रीलिपी फाँटात टाइप केलेलं दुसऱ्याच्या संगणकावर भलतंच का दिसतं, इथून धडा सुरू व्हायचा. युनिकोड कळलं त्या दिवशी अर्धी लढाई जिंकल्यासारखं वाटलं. निवृत्तीला टेकलेल्या एक मॅडम पॉवरपॉइंटवर जोडाक्षरं करायला शिकल्या. अर्धा 'क' सरकत येई आणि 'य'ला चिकटे. एवढंच. पण पहिलीतली पोरं ओरडायची, "मॅडम, अजून एकडाव दाखवा नं!" आयुष्यभर खडूनं जे त्या घोटून घेत आल्या, ते पोरं आता हट्टानं मागत होती.

पैसा लोकसहभागातून. म्हणजे दिवाळीनंतर, कापूस विकला गेल्यावर, गावात फिरायचं. "पोट्टे टीव्ही पाह्याले शाळेत धाडतो काय आम्ही?" असं एका आजोबांनी तोंडावर सुनावलं. पुढे तेच आजोबा नातवाला सोडायला आले आणि मागच्या पट्टीवर टेकले. पडद्यावर गूगल अर्थमधून लोणारचं सरोवर वरून दिसत होतं, उल्केनं पाडलेला तो गोल खड्डा. वर्गातल्या बहुतेक पोरांनी ते पाहिलेलं नव्हतं. आजोबांनीही नाही. "हे आपल्याच जिल्ह्यातलं होय?" एवढं विचारून ते गप्प बसून राहिले. पुढच्या वर्षी वर्गणीत त्यांचं नाव होतं.

अडचणी होत्याच. टिनाच्या छपराखाली, मार्चच्या उन्हात प्रोजेक्टरचं चित्र दिसायचं नाही, म्हणून खिडक्यांना जुन्या साड्या आणि पोती लावायची. मग आत जीव घुसमटायचा. त्यातून एलईडी टीव्हीवर आलो. 5 सप्टेंबर 2016 ला जिओ आलं आणि शेजारच्या शाळेतून पेनड्राइव्ह मागून आणायची गरज संपली. बरोबर वर्षानं, शिक्षकदिनीच, दीक्षा हे शैक्षणिक पोर्टल आलं. बालभारतीच्या पुस्तकांवर क्यूआर कोड छापले जाऊ लागले. ती वाट सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले यांनी आधीच चोखाळली होती. डिसेंबर 2020 मध्ये त्यांना दहा लाख डॉलरचा ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं आणि त्यांनी निम्मी रक्कम इतर नऊ अंतिम स्पर्धकांत वाटली, तेव्हा आम्हालाही उगाच आपण जिंकल्यासारखं वाटलं.

त्या दिवसांना सोन्याचा मुलामा चढवायचा नाही मला. कार्टूनच्या किनऱ्या आवाजातली कविता पेनड्राइव्हमध्ये कोंबून विकणारे फिरत होते. 'शंभर टक्के डिजिटल' म्हणवून घेण्याच्या शर्यतीत बंद प्रोजेक्टरचीही फीत कापली जाई. वर्गात कमी आणि ब्लॉगवर जास्त दिसणारे काही वीरही होते. पुरस्कार बहुधा त्यांनाच मिळाले.

करोनानं सगळ्यांचं पितळ उघडं पाडलं. घरात एकच मोबाइल, आणि तो बापासोबत वावरात. म्हणून दिवेलागणीनंतर अभ्यास पाठवायचा. सह्याद्री वाहिनीवरची 'टिलीमिली' मालिका अशा घरांना जास्त जवळची ठरली, कारण टीव्ही वावरात जात नाही.

आणि मग दिशाच फिरली. जी यंत्रं आम्ही पोरांकडे तोंड करून लावली होती, ती हळूहळू कार्यालयाकडे वळली. डिसेंबर 2023 पासून हजेरी चॅटबॉटवर. पोषण आहाराची रोजची नोंद, मुलांचे अपार आयडी, शाळेची यू-डायस माहिती, शपथेचा फोटो, झाडाचा फोटो, झाडासोबत मुलाचा फोटो. शिक्षकांनी 'आम्हाला शिकवू द्या' म्हणत मोर्चे काढले, ते काही तंत्रज्ञानाला घाबरून नव्हे. त्यात काइनमास्टरवर रात्ररात्र व्हिडिओ जोडलेले लोक होते. मोबाइल तोच, बोटं तीच. पण आता जोडाक्षर सरकवायला वेळ उरत नाही, कारण दुपारपर्यंत लिंक भरली नाही तर गटावर नाव झळकतं. पूर्वी मी मोबाइल काढला की पोरं विचारायची, "सर, काय दाखवता?" आता न सांगता रांगेत उभी राहतात, फोटोसाठी.

आता एआयच्या प्रशिक्षणाची चर्चा आहे. जाईन मी, शिकेनही. नवं शिकायचा कंटाळा आमच्या पिढीला कधी नव्हता. पण वर्गणीतून घेतलेल्या टीव्हीचं वीजबिल कोणत्या निधीतून भरायचं, हे आधी कुणी सांगेल काय? थकबाकीपायी वीज कापलेल्या जिल्हा परिषद शाळांच्या बातम्या आपण दरवर्षी वाचतो. त्यांतल्या कित्येक कागदावर डिजिटल आहेत. आमचा एक टीव्हीही पावसात भिंत ओलावली तेव्हापासून बंद आहे. यू-डायसच्या माहितीत टीव्ही आहे का, चालू आहे का, असं विचारतात. मी इमानदारीनं 'बंद' लिहितो. दुरुस्तीला कुणी येत नाही, पुढच्या वर्षी तोच प्रश्न येतो, आणि माहिती वेळेत भरल्याबद्दल गटावर अभिनंदन होतं.